नवख्या सेफ्टीचा उशीर: डोळ्यांचा की पायांचा?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाने 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत, 27 व्या क्रमांकावर, जॉर्जिया विद्यापीठाचा सेफ्टी (मागचा बचावपटू) मलाकी स्टार्क्स याला निवडले. हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांनंतर त्याच्यावरून चाहत्यांमध्ये दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की हा मुलगा शांत डोक्याचा आहे, खेळ लवकर ओळखतो आणि पुढची अनेक वर्षे संघाची मागची फळी सांभाळील. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की तो चेंडूपाशी नेहमी अर्धे पाऊल उशिरा पोहोचतो, मोकळ्या मैदानात त्याच्या हातून माणूस निसटतो आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूकडून अपेक्षित असलेली इंटरसेप्शन, म्हणजे विरोधी संघाचा पास मध्येच झेलणे, त्याच्याकडून होत नाहीत. या दोघांपैकी कोणाचे खरे मानावे, आणि नवख्या सेफ्टीविषयी मत बनवण्यापूर्वी किती सामने वाट पाहावी, असे वाचकाने विचारले आहे.

मी मेरीलँडमध्ये गेली 19 वर्षे शालेय संघांच्या कॉर्नरबॅक आणि सेफ्टींना शिकवतो आहे. व्यावसायिक पातळी आणि आमची पातळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. पण सेफ्टीच्या चुका दोन्हीकडे एकाच जातीच्या असतात, आणि त्या जाती ओळखण्यातच माझे बहुतेक आयुष्य गेले आहे. म्हणून सामन्यांच्या संख्येकडे मी शेवटी येईन. उशीर झाला, एवढे पाहून थांबू नये. तो उशीर डोळ्यांमुळे झाला की पायांमुळे, हे आधी पाहावे, इतकेच माझे म्हणणे आहे. डोळ्यांचा उशीर अनुभवाने भरून निघतो, पायांचा निघत नाही. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणे, चुकणे या दोन्हींच्या मधोमध बसते आणि त्याचा निकाल लागायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

ज्यांनी हा खेळ नुकताच पाहायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी दोन वाक्ये. सेफ्टी हा बचावातला सर्वांत मागचा माणूस. त्याच्या पुढे कडेला पास झेलणाऱ्या रिसीव्हरना अडवणारे कॉर्नरबॅक आणि मध्ये लाइनबॅकर असतात, त्याच्या मागे कोणीही नसते. लाइनबॅकर चुकला तर विरोधी संघाला सात-आठ यार्ड मिळतात, सेफ्टी चुकला तर टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे गुण, मिळते, आणि म्हणूनच या जागेवरच्या खेळाडूची चूक प्रत्येकाला दिसते, तर त्याचे चांगले काम बहुधा कोणालाच दिसत नाही, कारण सेफ्टी योग्य जागी उभा असला की पास टाकणारा क्वार्टरबॅक तिकडे चेंडू टाकतच नाही.

यात दूरचित्रवाणीच्या चित्राचा मोठा दोष आहे. प्रक्षेपणाचा मुख्य कॅमेरा चेंडूमागे फिरतो. चेंडू खेळात येण्याच्या क्षणी सेफ्टी 12 ते 15 यार्ड मागे असतो आणि चौकटीच्या बाहेर असतो. चेंडू हवेत गेल्यावरच तो आपल्याला दिसतो, आणि तेव्हा तो धावत असतो. त्याआधीच्या दोन-अडीच सेकंदांत त्याने काय पाहिले, कोणत्या पायावर भार टाकला, कोणाला हाताने खूण केली, यांतले काहीही घरी बसलेल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. मैदानावरचे बावीसही खेळाडू एकाच वेळी दाखवणारे चित्रीकरण एनएफएलने 2012 पासून चाहत्यांना सशुल्क उपलब्ध करून दिले आहे. ज्यांना या विषयावर हिरिरीने बोलायचे आहे त्यांनी ते एकदा तरी पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. निम्मे वाद तिथेच मिटतील.

आता ज्या उदाहरणावरून मी हे सगळे सांगतो आहे, ते रेव्हन्सच्याच घरातले आहे. 2022 च्या ड्राफ्टमध्ये या संघाने 14 व्या क्रमांकावर नोटर डेम विद्यापीठाचा काइल हॅमिल्टन घेतला. सहा फूट चार इंच उंची, 220 पौंडांच्या आसपास वजन. इतका मोठा सेफ्टी क्वचितच पाहायला मिळतो. महाविद्यालयात तीन वर्षांत त्याने आठ इंटरसेप्शन केली होती आणि काही जाणकार त्याला त्या वर्षीच्या पहिल्या पाच खेळाडूंत धरत होते. पण ड्राफ्टपूर्व चाचणीत त्याने 40 यार्डांचे अंतर 4.59 सेकंदांत कापले, आणि तेवढ्या एका आकड्यावरून तो संथ असल्याची हाकाटी सुरू झाली. तो 14 व्या क्रमांकापर्यंत घसरण्यामागे या आकड्याचा मोठा वाटा होता, असे मी मानतो.

मग 18 सप्टेंबर 2022 चा तो सामना आला. हंगामाचा दुसरा आठवडा, बाल्टिमोरचे घरचे मैदान, समोर मायामी डॉल्फिन्स. चौथ्या चरणाच्या सुरुवातीला रेव्हन्स 35-14 ने पुढे होते आणि सामना 38-42 असा हरले. मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ याने सहा टचडाउन पास टाकले. चौथ्या चरणात त्याचा रिसीव्हर टायरीक हिलने 48 आणि 60 यार्डांची दोन टचडाउन केली आणि दोन्ही वेळा तो बचावपटूंच्या मागे अगदी मोकळा पळत होता. त्या रात्री सर्व बोटे हॅमिल्टनकडे वळली. त्याचा व्यावसायिक कारकिर्दीतला तो दुसराच सामना होता, पण पहिल्या फेरीतली निवड वाया गेली, हा मुलगा या वेगाच्या खेळात टिकणार नाही, असे लिहिणाऱ्यांची कमतरता नव्हती. माझ्या ओळखीतली चांगली जाणती माणसेही तेच म्हणत होती.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एखादा खेळाडू 48 यार्डांवर एकटाच धावताना दिसतो, तेव्हा त्याने कोणाला वेगात हरवलेले नसते. वेगात हरलेला बचावपटू चित्रात मागे दोन यार्डांवर तरी दिसतो. आसपास कोणीच नसणे याचा अर्थ जवळजवळ नेहमी असा असतो की दोन बचावपटूंना हा माणूस दुसऱ्याचा आहे असे वाटले. म्हणजे तो संवादाचा दोष असतो. आणि त्या दिवशी रेव्हन्सच्या मागच्या फळीत संवाद कसा राहणार होता, तेही पाहा. कॉर्नरबॅक काइल फुलर पहिल्याच आठवड्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाद झाला होता, मार्कस पीटर्स संपूर्ण 2021 चा हंगाम मुकल्यानंतर पहिलाच सामना खेळत होता, मार्लन हम्फ्री पूर्ण तंदुरुस्त नव्हता, आणि त्यामुळे त्याच वर्षी चौथ्या फेरीत घेतलेल्या दोन नवख्या कॉर्नरबॅकना मैदानात उतरावे लागले होते. बचाव समन्वयक माइक मॅकडोनाल्डही त्या कामावर नवाच होता. इतकी नवी माणसे एकत्र असताना पुढे असलेला संघ जेव्हा घाईने हाका देऊ लागतो, तेव्हा एक हाक अर्ध्या फळीला ऐकू येते आणि अर्ध्या फळीला येत नाही.

हॅमिल्टनची चूक नव्हतीच, असे मी म्हणत नाही. तो त्या दिवसांत उशिरा हलत होता, आणि मोकळेपणाने सांगायचे तर चांगलाच उशिरा. पण तो उशीर कुठून येत होता हे समजण्यासाठी महाविद्यालयातून वर आलेल्या सेफ्टीच्या डोळ्यांसमोर काय बदलते, ते पाहावे लागेल, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हाच या विषयाचा गाभा आहे.

मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, 160 फूट. पण चेंडू ज्या दोन तुटक रेषांच्या दरम्यान ठेवून खेळ सुरू होतो, त्या हॅश रेषांमधले अंतर महाविद्यालयात 40 फूट असते, तर एनएफएलमध्ये ते केवळ साडेअठरा फूट असते. वाचताना हा तपशील क्षुल्लक वाटेल; सेफ्टीसाठी तो सगळे जग बदलून टाकतो. महाविद्यालयात चेंडू एका बाजूच्या हॅशवर असला की मैदानाची एक बाजू रुंद आणि एक अरुंद होते. अरुंद बाजूला फारसे काही घडू शकत नाही हे सेफ्टीला ठाऊक असते, म्हणून तो निर्धास्तपणे रुंद बाजूकडे झुकून उभा राहू शकतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ नेहमी मध्यभागी असतो, दोन्ही बाजू सारख्याच धोकादायक असतात आणि आपण कुठे झुकावे याचे फुकटचे उत्तर नवख्याला कधीच मिळत नाही. तीन-चार वर्षे ज्या सवयीने तो अर्धे पाऊल आधी निघत होता, ती सवयच निरुपयोगी होते.

दुसरे म्हणजे नियमांची गुंतागुंत. उदाहरणादाखल, मैदानाची मागची बाजू चार भागांत वाटून घेणारी क्वार्टर्स ही रचना घ्या. कागदावर ती सोपी दिसते, पण प्रत्यक्षात सेफ्टीने बाहेरून दुसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर नजर ठेवायची असते. तो दहा-बारा यार्ड सरळ पुढे आला तर तो सेफ्टीचा. तो लवकर बाहेर वळला तर त्याला लाइनबॅकरकडे सोपवायचे आणि स्वतः कॉर्नरबॅकच्या मदतीला पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरकडे जायचे. तो आत वळला तर समोरच्या सेफ्टीला हाक द्यायची. आणि हे सगळे चालू असताना क्वार्टरबॅक धावणाऱ्या खेळाडूच्या हाती चेंडू देण्याचा आव आणत असतो. त्या फसवणुकीकडे नजर गेली की अर्धा सेकंद गेला. हिलसारखा खेळाडू अर्ध्या सेकंदात चार-पाच यार्ड कापतो. चाहत्याला दिसते ते एवढेच की सेफ्टी मागे पडला; त्याच्या पायांचा इथे काही दोषच नसतो, त्याची नजर चुकीच्या माणसावर होती.

आणि तिसरे म्हणजे लपवाछपवी. एनएफएलचे क्वार्टरबॅक चेंडू खेळात येण्याआधी सेफ्टींची ठेवण पाहून बचावाची रचना ओळखतात, म्हणून सेफ्टींना एक रचना दाखवून दुसरी खेळावी लागते. दोन सेफ्टी मागे उभे आहेत असे दाखवायचे आणि चेंडू सुटताच एकाने पुढे झेपावायचे, दुसऱ्याने 12 यार्ड तिरके पळत मध्यभाग गाठायचा. अनुभवी सेफ्टी हे शेवटच्या क्षणापर्यंत लपवतो, कारण आपल्याला तिथवर पोहोचायला नेमका किती वेळ लागतो हे त्याला पक्के माहीत असते. नवखा एकतर फार लवकर हलून गुपित उघड करतो, नाहीतर फार वेळ थांबतो आणि पोहोचत नाही. हा हिशेब फळ्यावर शिकवता येत नाही, तो सामन्यांतच बसतो.

हॅमिल्टनच्या बाबतीत प्रशिक्षकांनी काय केले ते फार बोलके आहे. पुढच्याच आठवड्यात न्यू इंग्लंडविरुद्ध, संघ केवळ पाच गुणांनी पुढे असताना, त्याने पास झेलून पळणाऱ्या नेल्सन अगोलोरच्या हातातला चेंडू मागून ठोसा मारून सोडवला आणि पीटर्सने तो उचलला. रेव्हन्स 37-26 ने जिंकले. ऑक्टोबरमध्ये मागची जागा सांभाळणाऱ्या मार्कस विल्यम्सचे मनगट निखळले, तेव्हा सर्वांना वाटले की आता ती जागा हॅमिल्टनला मिळेल. मिळाली नाही, ती जीनो स्टोनला मिळाली आणि हॅमिल्टनला पुढे, स्लॉटमधल्या (बाहेरच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूच्या) रिसीव्हरसमोर, खेळ सुरू होण्याच्या रेषेजवळ आणण्यात आले. याला अनेक चाहत्यांनी नापसंतीचा शिक्का मानले. मला तो त्या वर्षातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. रेषेजवळ खेळ सेफ्टीच्या समोर असतो, पाहण्याच्या गोष्टी कमी असतात आणि सहा फूट चार इंच उंचीचे लांब हात तिथे लगेच कामी येतात. त्याचे डोळे तयार होईपर्यंत त्याला असे काम दिले गेले, जिथे डोळ्यांवर कमी आणि शरीरावर जास्त भिस्त होती. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन नव्हते.

पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, याच खेळाडूने चार इंटरसेप्शन केली, इंडियानापोलिसविरुद्ध एकाच सामन्यात तीन सॅक घेतले (म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्याआधीच पाडले), नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध दोनदा चेंडू पकडला आणि ऑल-प्रो या, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या पहिल्या संघात निवडला गेला. 2024 च्या हंगामाच्या उत्तरार्धात संघाची मागची फळी कोलमडत होती, तेव्हा त्याला मैदानाच्या खोल भागात नेले गेले. म्हणजे ज्या जागेसाठी तो फार संथ आहे असे दोन वर्षांपूर्वी सांगितले जात होते, नेमक्या त्याच जागी, आणि बचाव सावरला. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने चार वर्षांसाठी 10 कोटी 4 लाख डॉलरचा करार केला, जो त्या वेळी कोणत्याही सेफ्टीचा सर्वांत मोठा करार होता. या सगळ्या काळात त्याचा 40 यार्डांचा वेग काही वाढला नसणार. तो आधी निघू लागला. शाळेत खो-खो खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको: धावणाऱ्याच्या पाठीमागे पळून तो हाती लागत नाही, तो जिथे वळणार आहे तिथे आधी जावे लागते.

अर्थात खरेच पाय कमी पडणारे सेफ्टीही असतात आणि ते ओळखण्याची खूण आहे. सेफ्टीने बरोबर माणूस पाहिला, वेळेवर वळला, कोनही बरोबर घेतला, आणि तरीही अंतर वाढतच गेले, तर तो पायांचा दोष होय. असे चित्रीकरणात पुन:पुन्हा दिसू लागले तर प्रशिक्षकाने त्याला खोल जागेवर ठेवण्याचा हट्ट धरू नये.

टॅकलविषयी मला जास्त काळजी वाटते आणि या बाबतीत दुसऱ्या तटाच्या चाहत्यांशी मी बराचसा सहमत आहे. रेव्हन्सचाच इतिहास पाहा. 2013 मध्ये एड रीडसारख्या महान सेफ्टीने संघ सोडल्यावर त्यांनी पहिल्या फेरीत, 32 व्या क्रमांकावर, फ्लोरिडा विद्यापीठाचा मॅट एलम घेतला. पहिल्याच वर्षी तो नियमित खेळला आणि डिसेंबरमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या 18-16 अशा थरारक विजयात विरोधी संघाचा शेवटचा पास झेलून त्यानेच सामना संपवला. त्या रात्री कोणी त्याच्याविषयी शंका घेतली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पण मोकळ्या मैदानात त्याचे टॅकल सुटत होते, दुसऱ्या वर्षी ते आणखी सुटू लागले, त्याची जागा गेली, 2015 चा हंगाम दुखापतीत गेला आणि त्याची कारकीर्द पुढे उभी राहिली नाही. पहिल्या वर्षीच्या चुकांकडे आपण त्या एका झेलामुळे काणाडोळा केला होता. हॅमिल्टनच्या बाबतीत एका सामन्याने चाहत्यांची निराशा जशी अवास्तव वाढवली, तशी एलमच्या बाबतीत एका क्षणाने आशा वाढवली होती.

तरीही एक चुकलेला टॅकल आणि टॅकल चुकण्याची सवय यांत फरक केलाच पाहिजे. मार्कस विल्यम्स 2017 मध्ये न्यू ऑर्लीन्सचा नवखा सेफ्टी होता. 14 जानेवारी 2018 रोजी मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याचा संघ 24-23 ने पुढे होता, दहा सेकंद उरले होते आणि प्रतिस्पर्ध्यांकडे एकही टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची संधी) शिल्लक नव्हता. स्टेफन डिग्जने बाजूच्या रेषेजवळ उडी मारून चेंडू झेलला. विल्यम्सने त्याला मैदानाच्या आत नुसते धरून खाली आणले असते तरी सामना संपला असता. पण तो मान खाली घालून झेपावला, डिग्जच्या खालून निसटला, स्वतःच्याच सहकाऱ्यावर आदळला, आणि डिग्जने 61 यार्डांचे टचडाउन पूर्ण केले. त्याच सामन्यात विल्यम्सने आधी एक इंटरसेप्शन केले होते, हे आज फार थोड्यांना आठवते. त्या एका क्षणावरून त्याच्या संघाने त्याला जोखले नाही. तो तिथे आणखी चार हंगाम मुख्य सेफ्टी म्हणून खेळला आणि 2022 मध्ये रेव्हन्सने त्याला पाच वर्षांसाठी 7 कोटी डॉलरचा करार दिला. चूक भयंकर होती, पण ती त्याच्या खेळाची रीत नव्हती. पूर्ण हंगामात त्याचे पाय आणि डोके ज्या पद्धतीने चालत होते, त्याच्याशी ती विसंगत होती. म्हणूनच मी माझ्या मुलांच्या चित्रफिती पाहताना चुकलेले टॅकल मोजत नाही, प्रत्येक वेळी मान कुठे होती ते लिहून ठेवतो. मान वर आणि डोळे समोरच्याच्या कमरेवर असतील तर चुकलेला टॅकलही मला फारसा त्रास देत नाही.

हे मी सहज शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरावीतला एक सेफ्टी होता. पहिल्या तीन सामन्यांत त्याच्या बाजूने तीन लांब टचडाउन झाली. मी त्याला संथ ठरवले आणि बाकावर बसवले. हंगाम संपल्यावर त्याच्या शेजारी बसून सर्व चित्रीकरण पुन्हा पाहिले, तेव्हा तिन्ही वेळा चेंडू सुटताना त्याचे तोंड बाजूच्या रेषेकडे, म्हणजे माझ्याकडे वळलेले दिसले. विरोधी संघाने रचना बदलली की माझ्याकडे पाहून खात्री करून घ्यायची, अशी शिस्त मीच त्याला लावली होती आणि तो ती प्रामाणिकपणे पाळत होता. त्याचा उशीर मी घडवला होता. पुढच्या वर्षी रचना बदलण्याचा अधिकार मी त्याच्याच हाती दिला आणि तो आमचा सर्वांत भरवशाचा बचावपटू ठरला. पण त्याचे एक वर्ष माझ्यामुळे गेले, आणि ते मला आजही बोचते. तेव्हापासून कोणत्याही सेफ्टीला संथ म्हणण्याआधी त्याला काय सांगितले गेले होते, हे मी विचारतो.

इंटरसेप्शनविषयी थोडक्यातच सांगतो. त्यांचा आकडा एका हंगामात शून्य आणि पुढच्या हंगामात चार असा बदलतो, आणि त्यात चेंडू कोणाच्या बोटांना लागून कुठे उडाला याचा मोठा वाटा असतो. स्टार्क्सचे महाविद्यालयातले आकडेच पाहा: पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी तो खेळ विसरला, असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या हंगामात इंटरसेप्शनवरून सेफ्टीला जोखणाऱ्याचे म्हणणे मी फारसे गंभीरपणे घेत नाही.

आता स्टार्क्सकडे वळतो. त्याच्याकडे पाहताना रेव्हन्सचा 2025 चा हंगाम दोन तुकड्यांत पाहावा. पहिल्या पाच सामन्यांत या संघाने 177 गुण दिले, म्हणजे सामन्याला 35 हून अधिक. त्यात बफेलोविरुद्ध चौथ्या चरणात 15 गुणांची आघाडी गमावून 40-41 असा झालेला पहिलाच पराभव होता आणि ह्यूस्टनकडून 10-44 असा झालेला पराभवही होता. त्यानंतरच्या सहा सामन्यांत त्याच संघाने एकूण 84 गुण दिले, म्हणजे सामन्याला 14. हा नवखा सेफ्टी दोन्ही तुकड्यांत खेळत होता. बदलली ती त्याच्या आजूबाजूची माणसे. मे महिन्यात आर्डेरियस वॉशिंग्टनच्या घोट्यामागचा स्नायूबंध तुटल्याने संघाकडे तिसरा भरवशाचा सेफ्टी उरला नव्हता, म्हणून हॅमिल्टनला मागे अडकून पडावे लागत होते. पुढच्या फळीतला एन्नामडी माडुबुइके दुसऱ्या आठवड्यानंतर मानेच्या दुखापतीने हंगामाला मुकला, त्यामुळे क्वार्टरबॅकना चेंडू हातात धरून ठेवायला पुष्कळ वेळ मिळू लागला. आणि ह्यूस्टनविरुद्ध तर हॅमिल्टनही खेळू शकला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संघाने चार्जर्सकडून अलोही गिलमन हा अनुभवी सेफ्टी आणला. गिलमन आणि स्टार्क्स मागे, हॅमिल्टन पुन्हा रेषेजवळ, अशी मांडणी झाली, आणि मागच्या फळीत बोलणारा एक जाणता माणूस आला. सेफ्टी एकटा खेळत नाही, हे पटवायला याहून चांगला पुरावा मला सापडणार नाही. पहिल्या पाच सामन्यांतल्या गुणांचे खापर स्टार्क्सवर फोडणाऱ्यांनी पुढच्या सहा सामन्यांचे श्रेयही त्याला द्यायला हवे होते. मला विचाराल तर दोन्ही तितकेच अन्यायाचे आहे.

मग त्याच्यात प्रत्यक्ष काय दिसते? त्याचे डोळे चांगले आहेत, यात मला शंका नाही. शाळेत तो क्वार्टरबॅक खेळला आहे, आणि ज्याने स्वतः चेंडू टाकला आहे त्याला टाकणाऱ्याच्या खांद्याची भाषा लवकर कळते. सप्टेंबर 2022 मध्ये, महाविद्यालयातल्या अगदी पहिल्या सामन्यात, ओरेगनविरुद्ध त्याने मागे धावत जाऊन, पूर्ण अंग झोकून घेतलेला तो झेल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो चेंडूचा मार्ग किती आधी ओळखतो हे वेगळे सांगावे लागणार नाही. 40 यार्डांसाठी त्याला 4.50 सेकंद लागले, म्हणजे तो हॅमिल्टनपेक्षा वेगवान आहे; पाय कमी आहेत हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. त्याचे अर्धे पाऊल उशिरा पोहोचणे मला बहुतेक वेळा हॅशच्या आणि लपवाछपवीच्या हिशेबातले दिसते, म्हणजे अनुभवाने भरून निघणारे.

टॅकलचा आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही. मोकळ्या मैदानात तो कधी कधी फार सरळ चालून जातो, समोरच्याला दोन्ही बाजू मोकळ्या ठेवतो आणि बाजूच्या रेषेचा उपयोग करून घेत नाही. जॉर्जियातल्या शेवटच्या वर्षी त्याला अनेक जागांवर खेळवले गेले, तेव्हाही मला हेच दिसले होते, म्हणून याला केवळ नवखेपणा म्हणून सोडून देता येत नाही. हे सुधारण्याची जागा हंगामात नसते. हंगामात आठवड्याला पूर्ण ताकदीने टॅकलचा सराव करायला कोणताही संघ धजत नाही. त्यासाठी उन्हाळा लागतो. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या किती सामने वाट पाहावी या भागाला मी असे उत्तर देईन: त्याच्या दृष्टीबद्दल आणि वेगाबद्दल आशा ठेवायला पहिला हंगाम पुरेसा आहे, टॅकलबद्दलचे मत दुसऱ्या हंगामाच्या चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत राखून ठेवा. तोवर जेव्हा जेव्हा बावीस खेळाडूंचे चित्रीकरण पाहाल, तेव्हा चेंडूकडे पाहू नका. चेंडू सुटल्यापासून स्टार्क्सची पहिली तीन पावले पाहा, आणि तो कोणाला टॅकल करायला निघाला की त्याचा बाहेरचा खांदा रेषेच्या बाजूला आहे की आतल्या बाजूला, एवढेच टिपून ठेवा.